मॅगीनं परत यायलाच नको होतं

ओसरी: जॉर्ज इलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' (1860) तिसऱ्यांदा वाचली आणि तिसऱ्यांदा तिथंच चिडचिड झाली. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मॅगी टलिव्हर ही गिरणीवाल्याची मुलगी. मामेमावस बहिणींतली तिची लाडकी ल्यूसी, आणि ल्यूसीचं लग्न स्टीफनशी ठरल्यातच जमा. मॅगी स्वतः फिलिपशी मनानं बांधलेली. पण ती आणि स्टीफन एकमेकांत गुंततात, होडी प्रवाहाबरोबर फार लांब जाते, रात्र एका जहाजावर काढावी लागते. सकाळी तो म्हणतो, लग्न करू. ही नाही म्हणते, एकटी घरी परतते. अब्रू गेली ती गेलीच. सख्ख्या भावानं, टॉमनं, दाराबाहेर उभं केलं. ल्यूसी अंथरुणाला खिळली. या कर्तव्यानं नक्की कोणाचं भलं झालं?

खडूफळा: भल्याचा हिशेब मांडून ती आलीच नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की भूतकाळ आपल्याला बांधत नसेल तर कर्तव्य राहणार कुठे? ल्यूसीनं आणि फिलिपनं तिच्यावर विसंबून आयुष्य आखलं होतं. शिवाय ल्यूसी नंतर रात्री लपून तिला भेटायला येतेच की. फिलिपचं पत्रही येतं. लग्न करून परतली असती, तर यातलं काय उरलं असतं?

ओसरी: गाव उरलं असतं! इलियटच सांगते, मॅगी स्टीफनची बायको म्हणून परतली असती तर सेंट ऑग्ज या तिच्या गावच्या याच बायकांनी 'प्रेमापुढं इलाज नाही बाई' म्हणत तिला घरात घेतलं असतं.

खडूफळा: अहो, हा तर माझा मुद्दा झाला. गावाला हवी होती अब्रू, कर्तव्य नव्हे. दोन्ही एकच असतात असं समजणाऱ्यांना इलियटनं त्या प्रकरणात धुऊन काढलंय.

रद्दीवाला: मला इलियटबाईंचीच गंमत वाटते. स्वतः 1854 पासून जॉर्ज लुईस या विवाहित लेखकाबरोबर राहिल्या, आणि नायिकेला मात्र माघारी धाडलं.

खडूफळा: लुईसचं घर आधीच मोडलं होतं. बायकोला दुसऱ्यापासून मुलं झाली, ती त्यानं आपल्या नावावर लावून घेतली, म्हणून कायद्यानं घटस्फोट मिळेना. इथं कोणाचा विश्वास मोडला? ल्यूसीचा मोडला असता. आणि भावाचं म्हणाल तर इलियटच्या भावानं, आयझॅकनं, तिच्याशी बोलणं टाकलं ते थेट 1880 पर्यंत, बहिणीनं क्रॉसशी रीतसर लग्न केल्यावरच पत्र लिहिलं. टॉम कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

ओसरी: हे मान्य. पण मग शेवटी पूर आणून भावाबहिणीला बुडवायचं कशाला? पुढं मॅगीचं काय करायचं हे लेखिकेलाच सुचलं नाही, असं माझं मत. बघा ना, गावचे पाद्री डॉ. केन एकटेच तिची बाजू समजून घेतात, आपल्या मुलांना शिकवायचं काम देतात. कुजबुज वाढल्यावर तेही सांगतात, काही दिवस गाव सोड.

रद्दीवाला: पाद्रीबुवांनाही अब्रू होतीच.

ओसरी: आणि ते शेवटचं पत्र! स्टीफन पुन्हा विनवतो, एका शब्दावर यायला तयार आहे. तोवर ल्यूसीनं क्षमा केलेली, तरी ही पत्र मेणबत्तीवर धरते. आता कोणाला द्यायचं राहिलं होतं हे कर्तव्य?

खडूफळा: फिलिप. त्याला तुम्ही पहिल्या प्रतिसादापासून विसरलाय.