पीटीच्या सरांना मार्क कशावर द्यायचे, मेडलवर की तासावर?

बाकावरची: लेकीच्या हायस्कूलमध्ये पीटीच्या सरांचं मूल्यमापन चाललंय, पालकांनाही फॉर्म आलाय. चौथा प्रश्न, शाळेला मेडलं किती? अहो मेडल मिळतं ते आधीपासूनच पळणाऱ्या दहा-बारा पोरांना, बाकीच्यांचं काय? परवा लवकर पोचले म्हणून ग्राउंडच्या कडेला बसले, ४० मिनिटांचा तास, हजेरी नि रांगांत १२ मिनिटं गेली, मग बास्केटबॉलची एकच लांबलचक लाइन, लेकीच्या हाताला बॉल लागला ३ वेळा. मोजलंय मी. पोरं किती वेळ हलली नि काय शिकली, सरांना जोखायचं तर त्यावर जोखा.

शिट्टीवाला: ताई मी स्वतः पीटी टीचर, १७ वर्षं झाली. बॉल किती होते ते मोजलंत का? आमच्याकडे ५५ पोरं नि ४ बॉल, त्यातल्या एकात हवा नाही. गणिताचा पोर्शन राहिला की तास माझाच जातो. मेडल निदान दिसतं तरी, नाहीतर आमच्याकडे बघतंय कोण.

आकडेमोड: सोप्पंय. वर्षाच्या सुरुवातीला नि शेवटी बीप टेस्ट घ्या, २० मीटरवर दोन रेषा, बीपच्या तालावर धावायचं, फरक काढा, विषय संपला.

बाकावरची: संपला कसा? १३-१४ची पोरं वर्षात चार बोटं उंच होतात, नुसती वाढली म्हणूनही स्कोअर सुधारतो, त्याचं क्रेडिट सरांना का? आकडाच हवा तर सोफिट म्हणून निरीक्षणाची पद्धत आहे, १९९१ पासूनची. एक पोरगं निवडून १० सेकंद बघायचं, पुढची १० लिहायचं, बसलंय, उभंय, चालतंय की दमतंय. तो वेळ शिकण्यात गेला की रांगा लावण्यात, तेही त्यातच येतं.

शिट्टीवाला: हे पटलं, पण करणार कोण? आमचं निरीक्षण हेडमास्तर करतात. मागचा शेरा, 'शिस्त उत्तम'. का, तर त्या दिवशी पोरं तासभर गुपचूप रांगेत उभी होती 😄

गुडघेदुखी: माझा निकष एकच, पोरगं पडलं तर सरांना काय करायचं ते कळतं का. शाळेत माझा घोटा दुखावला तर सर म्हणाले चाल, मोकळा होईल, नि वर अजून एक राउंड मारायला लावला. हाड मोडलेलं निघालं, पुढे कितीतरी आठवडे प्लास्टर. आणि त्याच सरांच्या खोलीत कप ठेवायला जागा नव्हती!

आकडेमोड: तुमचं दुखणं मान्य, पण टेस्ट नसली तर उद्या कुणीही म्हणेल, पोरं हलली की.

बाकावरची: म्हणू देत. मी चौथा प्रश्न कोरा ठेवलाय आणि खाली लिहिलंय, आधी शाळेत चालू स्थितीतले बॉल किती ते कळवा, मग सरांचे मार्क विचारा.