मदत हवी आहे: जुन्या फोटोतली गाडी ओळखून साल सांगा (तातडीचं)

कडेकडेने:
रस्त्याचा एक जुना कृष्णधवल फोटो आहे. प्रदर्शनात लावायचाय आणि खाली ठिकाण-साल अशी एक ओळ हवी. मागच्या बाजूला काहीही लिहिलेलं नाही. समोरच फोक्सवॅगन बीटल उभी आहे, आजूबाजूला इतर गाड्या. इमेज सर्च करून झालं, नुसत्या बीटलच येतात. मॉडेल कुठल्या सालचं एवढं सांगा, बाकी मी बघतो. फोटो इथे टाकायची परवानगी नाही. उद्या छपाईला द्यायचंय, लवकर सांगा.

गोल हेडलाइट:
मागची काच बघा. मधे दांडी घालून दोन भाग केलेली असेल तर मार्च १९५३ च्या आधीची. एकसंध अंडाकृती असेल तर तिथपासून १९५७ च्या मध्यापर्यंतची. मोठी आयताकृती असेल तर १९५८ चं मॉडेल किंवा त्यानंतरचं. एक्झॉस्टच्या नळ्या दोन दिसल्या तर १९५६ चं मॉडेल किंवा पुढचं.

कडेकडेने:
मागची काच कशी दिसणार? गाडी समोरून आहे.

गोल हेडलाइट:
हे आधी सांगायचं ना राव.

फिल्मचा डबा:
गाडी बाजूला ठेवा, आधी कागद तपासा. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर मारा. निळसर पांढरी चमक आली तर कागदात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे, म्हणजे प्रिंट साधारण पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरची. चमक नाही आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ब्राइटनर नसलेले कागद नंतरही विकले जात होते. आणि कागद प्रिंटचं वय सांगतो, फोटो काढल्याचं नाही. १९४० ची निगेटिव्ह १९७० मध्येही छापता येते.

कडेकडेने:
प्रिंट माझ्याकडे नाही. फ्रेममध्ये आहे आणि काचेला चिकटलीय म्हणे. मला मोबाइलवर फोटो आलाय.

फिल्मचा डबा:
हे तिसऱ्या प्रतिसादात कळतंय! चॅटवर साधा फोटो म्हणून पाठवला असेल तर तो दाबून लहान झालेला असतो, नंबरप्लेटची अक्षरं तिथेच मेली. त्यांना म्हणावं मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पाणीवाला:
काचेला चिकटलेली प्रिंट सोडवणं अवघड नाही. काचेसकट कोमट पाण्यात बुडवा, तासाभराने सुटते. डेव्हलप करताना ती पाण्यातच होती की.

फिल्मचा डबा:
@पाणीवाला, कृपा करा. ती तेव्हा ताजी होती. प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बुरशीने खाल्ला असेल तर कोमट पाण्यात प्रतिमाच विरघळून काचेवर राहते. हाताने रंगवलेली किंवा शाईने टचअप केलेली असेल तर तेही वाहून जातं. आधी काचेतूनच नक्कल काढून घ्या. प्रिंट सोडवायचं काम संवर्धन करणाऱ्याचं.

नक्कल अशी: कॅमेरा स्टँडवर, सेन्सर काचेला अगदी समांतर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे. कॅमेऱ्यासमोर काळं कापड धरून त्यातल्या भोकातून फक्त लेन्स बाहेर, नाहीतर काचेत कॅमेराच दिसतो. एफ/८, सगळ्यात कमी आयएसओ, टायमर. फ्लॅटबेड स्कॅनर वापरायचा तर सीसीडी सेन्सरचा. सपाट, स्वस्त सीआयएस स्कॅनर काचेवर टेकलेल्या गोष्टीपलीकडे फोकस करत नाही, मधे फ्रेमची काच आली की सगळं धूसर.

एआय भक्त:
एवढा खटाटोप कशाला? फोटो स्पष्ट करणाऱ्या कुठल्याही एआय एन्हान्सरमध्ये टाका, नंबरप्लेट सुद्धा लख्ख वाचता येते.

गोल हेडलाइट:
लख्ख वाचता येते, पण ती प्लेट त्या गाडीची नसते. अंदाजाने अक्षरं भरतो तो. ओळखीसाठी अशी फाइल अजिबात वापरू नका.

स्टेपनी:
मूळ मुद्द्याकडे. समोरून आहे म्हणता, तर बॉनेटखाली जाळी आहे का?

कडेकडेने:
आहे, उभट. मागे उतार आहे, गोल फेंडर आहेत, बीटलच आहे.

स्टेपनी:
बीटलचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. पुढे रेडिएटरच नाही, मग जाळी कशाला असेल? ती बीटल नाही. आता तीन गोष्टी एकदमच सांगा, पुन्हा पुन्हा विचारायला लावू नका: पुढची काच एक की मधे पट्टी? स्टिअरिंग कुठल्या बाजूला? आणि रस्त्यावरची वाहनं कुठल्या बाजूने चाललीत?

कडेकडेने:
काच एकच, किंचित वाकलेली. स्टिअरिंग डावीकडे. गाड्याही डावीकडून चालल्यात. तेच तर कोडं आहे.

चाकोरी:
सोपं आहे, निगेटिव्ह उलटी ठेवून छापलीय. फ्लिप करा.

स्टेपनी:
@चाकोरी, जरा विचार करा. फ्लिप केलं की दोन्ही उलटतं: स्टिअरिंग उजवीकडे, रहदारीही उजवीकडून. विसंगती तशीच राहिली. डावीकडून चालणारा आणि डाव्याच स्टिअरिंगच्या गाड्या वापरणारा देश हवा. म्हणजे स्वीडन, ३ सप्टेंबर १९६७ च्या आधीचं; त्या दिवशी तिथली रहदारी डावीकडून उजवीकडे गेली. व्होल्वो, साबसुद्धा डाव्या स्टिअरिंगच्याच विकल्या जायच्या. आणि तुमची ‘बीटल’ म्हणजे व्होल्वो पीव्ही. दिसायला १९४० च्या दशकातल्या अमेरिकन फोर्डची धाकटी बहीण. पीव्ही ४४४ ला पुढे दोन सपाट काचा आणि मधे पट्टी, पीव्ही ५४४ ला एकच वाकलेली. ५४४ आली १९५८ च्या शरदात.

चाकोरी:
आइसलंड पण होतं की. तिथे २६ मे १९६८ ला बाजू बदलली, गाड्या तिथेही बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या.

स्टेपनी:
हा मुद्दा बरोबर. @कडेकडेने, नंबरप्लेटवर काय आहे? आणि रस्त्यात ट्रामचे रूळ दिसतात का?

कडेकडेने:
डॉक्युमेंट म्हणून फाइल आली. प्लेटवर ‘ए’ आणि पुढे पाच आकडे. रूळ आहेत, वर तारा पण. हे सगळं लागतं का? मला फक्त साल हवंय.

स्टेपनी:
लागतं. ‘ए’ आइसलंडमध्येही होतं, तिथल्या अकुरेरी गावचं. पण आइसलंडमध्ये ट्राम कधीच नव्हती. स्वीडनमध्ये जुन्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे स्टॉकहोम शहर, ‘बी’ म्हणजे त्याभोवतीचा जिल्हा. ‘ओ’ असतं तर गोथेनबर्गकडे बघायचं, ट्राम तिथेही होती, आजही आहे. एका प्लेटवर शहर ठरवू नका, गाडी फिरायला आलेली असू शकते. उभ्या असलेल्या इतर गाड्यांवरही ‘ए’ आहे का बघा. आणि पाट्यांवर ‘ए’च्या डोक्यावर गोल किंवा दोन टिंबं शोधा. टिंबांचं ‘ओ’ आइसलँडिकमध्येही असतं, म्हणून ते पुरेसं नाही. उलट, ‘पी’सारखं पण वर दांडी निघालेलं अक्षर दिसलं तर आइसलंड.

जुनं लोखंड:
जुनी व्होल्वो बरेच महिने उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर घाला, पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हँडब्रेक ओढू नका, चाकांना ठोकळे लावा. हँडब्रेक ओढून ठेवला की मागचे ब्रेक-शू ड्रमला गंजून चिकटतात.

गोल हेडलाइट:
अहो, गाडी फोटोत आहे!

कडेकडेने:
आणखी दोन प्लेट वाचल्या, दोन्ही ‘ए’. पाटीवर गोलवालं अक्षर आहे. मग १९५८ लिहू ना?

गोल हेडलाइट:
नको. गाडी फक्त ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगते. १९५८ ची गाडी १९६५ मध्येही रस्त्यावर असतेच. फोटोतली सगळ्यात नवी गाडी शोधा, तीच खालची मर्यादा. साब ९६ (१९६० पासून) किंवा व्होल्वो १४४ (१९६६ ची दुसरी सहामाही) दिसते का? १४४ ओळखायला सोपी, सरळ पेटीसारखी. ती नाही म्हणून फोटो १९६६ आधीचा असं मात्र म्हणता येत नाही.

कडेकडेने:
मागे एक लांबलचक अमेरिकन गाडी आहे, चार हेडलाइट. पेटीसारखी नाही दिसत कुठे. टोकाला एक बुटकी, नाक पुढे आलेली आहे, मागे उतरती.

गोल हेडलाइट:
चार दिवे अमेरिकेत १९५७-५८ ला आले, त्याने नवीन काही कळत नाही. ती बुटकी साब असणार. मागची बाजू वाढवून बघा: छताच्या मागच्या खांबावर हवा बाहेर काढणारी जाळी आणि मोठी रुंद मागची काच असेल तर ९६, म्हणजे १९६० पासून पुढे. काच छोटी असेल तर ९३.

चाकोरी:
बस असेल तर दार बघा. डावीकडून रहदारी म्हणून दार डावीकडे, १९६७ ला ती सगळी बदलावी लागली. त्या दिवशी पहाटे ४:५० ला गाड्या थांबवून बाजू बदलायला लावली आणि ५ ला सोडल्या. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी नको म्हटलं होतं, तरी केलं.

फिल्मचा डबा:
साल नेमकं हवं असेल तर गाड्यांपेक्षा कागद वाचा: सिनेमाची पोस्टर, वर्तमानपत्राच्या दुकानाबाहेरचे मथळ्यांचे फलक. तो भाग वेगळा कापून तीनशे टक्के मोठा करा, शार्पनिंग न करता फक्त कॉन्ट्रास्ट वाढवा. सिनेमाचं अर्धं नाव जरी वाचलं तरी स्टॉकहोममधल्या प्रदर्शनाच्या तारखेवरून काही आठवड्यांपर्यंत येता येतं.

कडेकडेने:
साबची काच रुंद आहे, खांबावर पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी आहे. पोस्टर फाटलंय, वाचता येत नाही. माझ्याकडे वेळ नाही. ‘स्टॉकहोम, १९६० चं दशक’ चालेल?

स्टेपनी:
‘स्टॉकहोम, १९६० ते १९६७ दरम्यान’ लिहा. ‘दशक’ लिहिलंत तर १९६९ पण त्यात येतं, आणि तेव्हा हीच रहदारी उजवीकडून होती.

जुनं लोखंड:
त्या पीव्हीला ६ व्होल्टची बॅटरी की १२?

स्टेपनी:
बॉनेट बंद आहे हो फोटोत.