पाट्याला टाकी लावून कुठं मिळेल?

मंगळवारपेठी:
आजीचा पाटा दहा वर्षं माळ्यावर पडून होता. परवा मी नि दाजींनी मिळून खाली उतरवला, तेव्हापासून कंबर धरलीय. मिरची वाटायला घेतली तर वरवंटा नुसता घसरतोय, पाटा आरशागत गुळगुळीत! लहानपणी 'टाकीऽऽ लावायचीऽऽ' अशी हाक गल्लीत यायची, छिन्नीनं ठोकून पाटा परत खरबरीत करून द्यायचे. आता ही माणसं कुठं भेटतात? मिक्सरच्या चटणीला घरचे कंटाळलेत. (म्हणजे मीच.)

रंकाळाकाठ:
रस्त्याकडेला पाटे, खलबत्ते विकायला बसतात, त्यांना विचारा. घरी छिन्नी-हातोडा घेऊन बसू नका. आमच्या ह्यांनी तो उद्योग केला, कोपराच उडाला.

खर्डाप्रेमी:
भावा, टाकी लावल्यावर लगेच चटणी वाटू नकोस. आधी भिजवलेले तांदूळ नि जाडं मीठ वाटून टाकून दे, वाटण पांढरं निघेपर्यंत. नाहीतर दाताखाली कच येते. साबण लावू नको, चटणीला वास येतोय.

मंगळवारपेठी:
लागली टाकी! एक मावशी भेटल्या, अर्ध्या तासात काम झालं. टकटक ऐकून शेजारच्या काकू पण आपला पाटा घेऊन आल्या. तांदूळ तीनदा वाटले, पहिलं वाटण राखेगत करडं. मग हिरव्या मिरच्या तेलावर परतून लसूण, शेंगदाणे, मीठ घालून जाडसर खर्डा केला. दोनाच्या जागी चार भाकरी गेल्या. पाटा आता खालीच राहणार, वर चढवायला दाजी तयार नाहीत.