गाणे आपले, मग वाहिनी दुसऱ्याची कशाला?

धागाकर्ता (ब्रह्मपुरी तालुका)

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे आणि स्वतःच गाणारे तरुण आज पुष्कळ आहेत. परंतु गाणे तयार झाले की ते दुसऱ्याच्या मोठ्या यूट्यूब वाहिनीला एकरकमी पैशांत, कित्येकदा तर फुकटच, देऊन टाकण्याची रीत पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाण्याखाली एखादा श्रोता लिहितो, "भाऊ, असं अजून एखांदं गानं हाये का तुमचं?" आणि त्याला उत्तर देतो वाहिनीचा मालक, तेही स्वतःच्या पुढच्या व्हिडिओची लिंक चिकटवून. गायकाला तो श्रोता कधी भेटतच नाही. वर्षभराने नवे गाणे आले, की पुन्हा त्याच मालकाच्या दारात उभे राहणे आले.

२०१६ मध्ये जिओ आल्यानंतर धानाच्या बांध्यांपर्यंत इंटरनेट पोहोचले. सोय आहे, श्रोते आहेत. गाणे स्वतःच्या वाहिनीवर टाकावे, प्रत्येक प्रतिक्रियेला स्वतः उत्तर द्यावे आणि सुरुवातीला ऐकणारे थोडे असले तरी ते आपले असू द्यावेत.

प्रतिसाद: वादक, वडसा

भाऊ, आपली तळमळ समजते. पण हिशेब पटत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू होण्यासाठी १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचे पाहणे लागते. चार मिनिटांचे गाणे धरले, तर ते शेवटपर्यंत साठ हजार वेळा ऐकले गेले पाहिजे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागील बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनाचा हिस्साच मिळत नाही. इतके करून हाती काय पडते, ते ज्यांनी केले त्यांना विचारावे.

आमची कमाई दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावोगावच्या जत्रेपासून, होळीपर्यंतची. या काळात वडशाच्या नाटक कंपन्या रोज वेगळ्या गावी नाटक लावतात, आणि ज्याचे गाणे गावागावांत माहीत झाले आहे त्या गायकाला मागणी येते. ही माहिती मोठ्या वाहिनीमुळे लवकर होते. शिवाय, जिला आपण "स्वतःची वाहिनी" म्हणता ती तरी आपली कुठे आहे? जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आपल्याच भागातील कितीतरी पोरांचा सगळा श्रोतृवर्ग एका दिवसात गेला. मालक मुंबईचा असो की परदेशातला, भाडेकरू तो भाडेकरूच.

प्रतिसाद: भजन मंडळाच्या कार्यकर्त्या, तिवसा तालुका

वडशाच्या दादांचा शेवटचा मुद्दा मला पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. मंच कोणताही बंद पडू शकतो, म्हणूनच श्रोत्याचा फोन क्रमांक आपल्याकडे असला पाहिजे. आमचे मंडळ खंजिरी भजनाचे. कार्यक्रम संपला की एक ताई वही घेऊन दाराशी बसते. ज्यांची इच्छा असेल ते नाव आणि क्रमांक लिहितात आणि आमचा क्रमांक तिथेच आपल्या फोनमध्ये साठवतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसेच बसतात आणि आपला क्रमांक साठवलेल्यालाच संदेश पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला तसे वाटत नाही, कारण त्या यादीतला प्रत्येक जण स्वतःहून आलेला असतो आणि पुढच्या गावी कार्यक्रम असला की त्यातूनच माणसे येतात.

रीलविषयी मात्र माझी तक्रार आहे. पहिल्या तीन सेकंदांत काही घडले नाही तर बोट पुढे सरकते, म्हणून नवी मुले ध्रुवपदच आधी गातात आणि अंतरा लिहायचा कंटाळा करतात. भजनाचा अर्थ तर अंतऱ्यात उलगडतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीजवळ राहून आम्ही तो कापून टाकावा, हे मनाला पटत नाही.

प्रतिसाद: ध्वनिमुद्रण करणारा, गोंदिया

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहिली आहे, आणि ती म्हणजे कागद. मोठ्या वाहिनीला गाणे देण्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते तोंडी देणे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही, एकरकमी पैसे घेतले असले तरीही. हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

माझ्याकडे ध्वनिमुद्रित झालेल्या एका गाण्याचे उदाहरण सांगतो. मुलाने ते एका वाहिनीला तोंडी दिले. पुढे त्याने तेच मुद्रण स्वतःच्या वाहिनीवर टाकले, तेव्हा यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेने आवाज जुळवून दावा लावला आणि त्याच्याच गाण्याच्या जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळले. दाव्यावर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. पण हरकतीला जोडायला कागदच नव्हता. दंडार या आपल्या लोकनाट्याच्या पारंपरिक चालींबाबत तर अधिक सावध राहावे. चाल गावाची असते, तरी तिचे एखादे मुद्रण कोणाच्या तरी नावावर आधीच नोंदलेले असू शकते.

प्रतिसाद: वादक, वडसा

कागदाचे म्हणणे योग्य आहे. तरी नवख्या पोराने सही मागितली, तर "दुसरे पुष्कळ आहेत" एवढे एकच उत्तर मिळते आणि हंगाम निघून जातो. मी माझ्या सोबत्यांना अजूनही सांगेन, की पहिले गाणे मोठ्या वाहिनीवर जाऊ द्या.

धागाकर्ता

दादा, पहिले गाणे द्यायचेच असेल तर व्हिडिओच्या वर्णनात गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे अन् गायकाच्या वाहिनीची लिंक राहील, तसेच मुदत दोन वर्षांची असेल, एवढे तरी लिहून घ्यावे. एकटा पोरगा मागेल तर नाकारतील. वडशात हंगामापूर्वी एकत्र जमणाऱ्या सर्वांनी एकच मसुदा पुढे केला तर नाकारणे सोपे जाणार नाही. ताईंच्या वहीची कल्पना मी आमच्या गावच्या मंडईत राबवणार आहे. गोंदियाच्या भाऊंनी मसुदा साध्या मराठीत, एका पानात लिहून येथे टाकावा. ज्यांच्याकडे आधीचे करार असतील त्यांनी नावे आणि रकमा झाकून त्यांचे फोटो द्यावेत, म्हणजे कोणत्या अटी आधीच मान्य होत आल्या आहेत हे कळेल.