प्रतिसाद: स्ट्रिप पोकरमध्ये पत्तेही होते

आर्टवर्क्स कंपनीचा १९८२चा 'स्ट्रिप पोकर' हा संगणकावरचा पत्त्यांचा खेळ (डाव हरला की पडद्यावरच्या प्रतिस्पर्धीचे कपडे उतरायचे) फक्त चित्रांवर खपला, हे वर मांडलेलं मत मला पटत नाही. त्यातल्या सूझी आणि मेलिसा या दोन प्रतिस्पर्धींची खेळायची पद्धत वेगळी होती. समोरची थाप मारतेय का, हे ओळखावंच लागे. आणि चित्रं म्हणाल तर ॲपल टू या तेव्हाच्या संगणकावर पडदाभर एक हाय-रिझोल्यूशन चित्रच ८ केबी मेमरी खायचं, अख्ख्या मशीनमध्ये बहुधा ४८ केबी! एवढ्यात डावाचं गणित बसवणं हे खरं कसब. पुढे नव्या प्रतिस्पर्धी वेगळ्या डिस्कवर विकायला आल्या, मूळ खेळ तोच. आजच्या डीएलसीची (मूळ खेळाला जोडायला वेगळ्या मिळणाऱ्या भागांची) चर्चा करताना हे उदाहरण घ्यायलाच हवं. १९८६चा, ब्रिटिश मॉडेल सामंथा फॉक्सच्या नावाचा स्ट्रिप पोकर खेळ मात्र बराचसा नावावर चालला, तिथे तुमचं म्हणणं मान्य.