विषय : कळव्याच्या अभ्यासिकेसाठी ट्रस्टची घटना

काका, सप्रेम नमस्कार.
आमच्या इथल्या, परदेशातल्या मंडळाची घटना समोर ठेवून ठाण्याच्या ट्रस्टचा मसुदा केलाय, सोबत जोडते. उद्देशात फक्त ‘अभ्यासिका’ लिहिलं तर पुरेल का? आणि विश्वस्त तहहयात असावेत असं बऱ्याच जणांना वाटतंय. तुम्ही तिथल्या संस्थांचे हिशेब बघता, म्हणून विचारते.

---

मसुदा सावकाश वाचला. भाषा स्वच्छ आहे, पण कायदा तिथला आहे. इथे १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागतो.

‘शिक्षणाचा प्रसार’ हा मुख्य उद्देश ठेव. अभ्यासिका, पुस्तकपेढी, शिष्यवृत्ती त्याखाली. नाहीतर उद्या एखाद्या मुलाची फी भरायची म्हटलं तरी घटना आड येईल. आरोग्य, क्रीडा, वृक्षारोपण मात्र कोंबू नका.

तहहयात विश्वस्तांना माझा स्पष्ट विरोध आहे. पाच वर्षांची मुदत घाला. जागा रिकामी झाली तर कोण, किती दिवसांत नेमणार तेही लिहा. सलग तीन सभांना न येणाऱ्याचं पद जाईल, हेही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं न दिलेली एक संस्था मी जवळून पाहिली आहे. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, दिवंगतांची नावं, बँक नव्यांच्या सह्या मानत नाही, खात्यात पैसे असून वीजबिल थकलेलं. हाल झाले ते तिथे अभ्यासाला येणाऱ्या मुलांचे. आपल्याकडे हे होता कामा नये.

पैशांबद्दल मसुद्यात काहीच नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याची मात्र धरतात, ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड असलं तरी. मंडळाची तर धरतातच. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणीला साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तोवर मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही पाठवू नका.

ट्रस्ट बंद पडला तर शिल्लक तशाच उद्देशाच्या ट्रस्टकडे जाईल, हे कलमही हवं. करसवलतीसाठी आयकर खात्यात ट्रस्टची नोंदणी करताना ते बघतात.

---

काका, ‘तहहयात’ काढते. जमलेली रक्कम पुढच्या आठवड्यात ट्रस्टसाठी पाठवायचं ठरलं होतं. खजिनदारांना आत्ताच फोन करून थांबवते. देणगीदारांची पासपोर्टप्रमाणे वेगळी यादी करून सुधारलेल्या मसुद्यासोबत पाठवते. वकिलांना दाखवाल ना?