मदत हवी आहे: आठवड्याची भाजी वाया जाते, किती आणायची?

जाईजुई_पुणे
दर रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी येते. शुक्रवारपर्यंत मेथी पिवळी, कोथिंबीर काळी, काकड्या लिबलिबीत. आज परत अर्धी पिशवी ओल्या कचऱ्यात टाकली, जीव तुटतो हो. फ्रीज नवा आहे, साठवणीच्या टिपा नकोत. काय आणि किती आणायचं हे तुम्ही कसं ठरवता, तेवढं सांगा. उद्याच बाजार आहे.

कोथरूडकर
माणसं किती? डबे किती जातात? उपवास कुणाचे?

रानवारा
आठवड्याची भाजी आणूच नये. पालेभाजी आणायची त्याच दिवशी निवडून करायची. माझी आई असंच करते, आमच्याकडे पान वाया जात नाही.

अनुराधा_ठाणे
@रानवारा, आठला घरी पोचणाऱ्या बाईने रोज मंडईत कधी जायचं? आठवड्याची आणावी, पण क्रमाने संपवावी. पालेभाजी सोम-मंगळ, मग भेंडी, गवार, वांगी. कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटी.

रानवारा
मंडईत जायला वेळ नाही म्हणून शिळं खायचं का?

अनुराधा_ठाणे
चार दिवसांचा कोबी शिळा नसतो.

मातीचा_माणूस
ताई, बाल्कनीत कंपोस्टचं मडकं ठेवा. सुका पाला, थोडं आंबट ताक, वास अजिबात येत नाही. फोटो टाकू का?

जाईजुई_पुणे
कंपोस्ट सोसायटीत होतं. मला भाजी खायची आहे, कुजवायची नाही.

स्नेहल_के
संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल बघा. २०२२ मध्ये जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतात घरातलं माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो धरलंय. हॉटेलांना आपण उगाच नावं ठेवतो.

कोथरूडकर
माझे प्रश्न तसेच राहिले.

जाईजुई_पुणे
सांगते. तिघं आहोत. मी आणि सासरे घरी जेवतो, नवरा मंगळवार ते गुरुवार दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनला. सासऱ्यांचा गुरुवारी उपवास. भाजी तेच आणतात.

कोथरूडकर
मग हे आधी सांगायचं! बाबा किलोच्या खाली घेत नसतील?

जाईजुई_पुणे
नाही घेत. नऊ माणसांच्या घरात वाढलेत. संध्याकाळी जुड्या स्वस्त झाल्या की तीन-तीन उचलतात. त्यांना दुखवायचं नाही, बाजार हा त्यांचा आनंद आहे.

कोथरूडकर
दिवस मोजू नका, जेवणं मोजा. चौदा जेवणांतून उपवास आणि बाहेरचं खाणं वजा करा. दोन वेळा उसळ, दोन वेळा पिठलं किंवा डाळ धरा. उरतील तेवढ्याच भाज्या. तिघांना एका वेळेला पाव किलो भेंडी पोळीबरोबर पुरते. यादीत भाजीपुढे "पाव", "अर्धा" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि निघण्याआधी फ्रीजमधली टोपली बाबांसमोरच उघडा. उरलेलं डोळ्यांनी दिसलं की माणूस आपणहून कमी घेतो. माझे वडीलही असेच होते.

अनुराधा_ठाणे
आणि बुधवारची एक फेरी बाबांना वेगळी द्या, फक्त पालेभाजी आणि कोथिंबिरीची. बाजार दोनदा होईल, पिशवी लहान होईल.

रानवारा
म्हणजे शेवटी ताजी आणा हेच ना.

स्नेहल_के
पावसाळ्यात मंडईतली मेथी ओलीच असते. भिजलेली जुडी घेऊ नका, स्वस्त असली तरी.

जाईजुई_पुणे
बुधवारचं पटलं. उद्याची यादी: भेंडी पाव, दुधी एक, कोबी लहान, टोमॅटो अर्धा, काकड्या दोन, कोथिंबीर एक जुडी. मेथी बुधवारी. मटकी घरात आहे, रात्री भिजत घालते.

मातीचा_माणूस
दुधीच्या सालींची चटणी करा, तीळ घालून. पुण्यात अंबाडी कुठे मिळते, कुणाला माहीत आहे का?